दारं नसलेली गाडी आणि चौदा फळ्या

माझ्या गाडीला दारं नाहीत. छत नाही, खिडक्या नाहीत, आणि समोरची काच आहे ती जेमतेम वीतभर उंच. बाकी सगळा लोखंडी पाइपांचा पिंजरा, त्यात शेजारी शेजारी दोन सीट, मागे इंजिन आणि खाली चार दांडगी चाकं. तिच्यात बसायची एक रीत आहे. उजव्या बाजूला उभं राहायचं, वरचा पाइप डाव्या हाताने धरायचा, मांडीएवढ्या उंचीच्या आडव्या पाइपावरून डावा पाय आत टाकून तळावर रोवायचा, सगळं अंग त्या एका पायावर घेत गुडघा वाकवत खाली जायचं, आणि उजवा पाय मागून आत ओढून घ्यायचा. सीट तळापासून फार तर सहा इंचांवर आहे. म्हणजे खुर्चीत बसल्यासारखं नाही, जमिनीवर बसल्यासारखंच. बाहेर येताना हेच सगळं उलट, आणि ते जास्त अवघड. सहा वर्षं मी हे दिवसातून चार वेळा करत होते आणि त्याकडे कधी लक्षसुद्धा दिलं नव्हतं.

न्यू लिनमधल्या एका निवृत्त फिटरने ती आपल्या गराजमध्ये अनेक वर्षं खपून बांधली होती. रस्त्यावर चालवायची सरकारी परवानगी तिला आहे. नदीतल्या गोट्यांवरून आणि डोंगरातल्या चिखलातून धावायची तिची स्वतःची इच्छा आहे. ती बघायला गेले तेव्हा मी नवऱ्याला सांगितलं होतं की ऑफिसच्या कामासाठी ऑकलंडला जातेय. हे खोटं नव्हतं, फक्त अपुरं होतं. विमानाने गेले आणि दिवसभर गाडी चालवत लोअर हटला घरी आले, त्यातला निम्मा रस्ता पावसात. नवरा दारात उभा होता. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "बाकीची कधी येणार?"

लोकांना वाटतं अशी गाडी रविवारी काढायची, पुसायची आणि झाकून ठेवायची. मी ती रोज वापरते. खाडीच्या कडेने वेलिंग्टनला जाताना शेजारून ट्रेन धावत असते, तिच्यात माझ्याच ऑफिसातली माणसं कोरडी बसलेली असतात, त्यातली दोघं-तिघं हात करतात. पाऊस आला की पाणी मांडीवर साचतं आणि तळाच्या भोकांतून निघून जातं. डबा दोरीने बांधावा लागतो. कॉलेजात असताना पुण्यात आम्ही मुली स्कूटरवर जसा स्कार्फ बांधायचो, कपाळ, नाक, तोंड सगळं झाकून मागे गाठ आणि डोळे तेवढे उघडे, तसाच मी इथे बांधते. वाटेतल्या पेटोनीच्या किनाऱ्यावरच्या वाऱ्याला दुसरं काहीही पुरत नाही. पेट्रोल पंपावरचा माणूस पहिल्या दिवशी दोन पावलं मागे सरकला होता. आता तो "किया ओरा, निन्जा" असा इथला नमस्कार करतो.

रेमुटाकाच्या घाटात मेंढ्यांच्या ट्रकमागे अडकणं काय असतं, हे बंद गाडीतल्या माणसाला सांगून कळायचं नाही. ट्रक वळणावर कलला की मेंढ्यांचं सगळं आपल्या अंगावर येतं. एकदा असं होऊन मी घरी आले तेव्हा मुलीने मला घराबाहेरच्या लाकडी डेकवरच उभं करून बागेच्या पाइपने धुतलं. आणि सिग्नलला थांबलं की शेजारच्या गाडीची काच खाली होणार, एक मान बाहेर येणार आणि विचारणार, "व्हॉट इज इट?" मी म्हणते, "अ कार." एवढ्याने कोणाचं समाधान होत नाही, पण तोवर सिग्नल सुटतो.

मग हवी कशाला ही गाडी? हा प्रश्न मला इतक्यांनी विचारलाय की उत्तर पाठ झालंय. ह्या देशात आल्यापासून मी सगळं सांभाळून केलं. व्हिसा सांभाळला, नोकरी सांभाळली, घराचं कर्ज, मुलीची शाळा, मराठी मंडळाच्या गणपतीत कोणाला काही लागू नये असं बोलणं, सगळं सांभाळलं. कोणी माझ्यावर जबरदस्ती केली नव्हती, मीच तशी आहे. पंचेचाळिसाव्या वर्षी मला एकच गोष्ट अशी हवी होती जिचा कोणाला काही उपयोग नाही. ती मिळाली, आणि मी तिला जीव लावला. माणसांना लावतात तसाच लावला, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

आणि एवढं करून मी पडले ती गाडीतून नाही. एप्रिलमध्ये एका ओल्या सकाळी वाळत घातलेले कपडे काढायला गेले आणि आमच्याच डेकच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरले. डाव्या गुडघ्याखालचं हाड पिचलं. ऑपरेशन झालं, आत पट्टी आणि स्क्रू बसले. हाड जुळायला लागलं, पण गुडघा काटकोनात येऊन अडला तो अडलाच. खुर्चीत बसता येत होतं. त्याच्या खाली नाही.

एका संध्याकाळी नवरा माझ्यासमोर येऊन बसला. तो आरडाओरडा करणारा माणूस नाही, म्हणून त्याचं ऐकावं लागतं.

"दोन वर्षांपूर्वी त्या फार्मवर गाडी कुशीवर पडली होती," तो म्हणाला. "पट्टा सोडून तू एकटी बाहेर आलीस. मी धावत पोचायच्या आत. आठवतंय?"

"आठवतंय."

"आता पडली तर येशील?"

तो पुढे म्हणाला की विकूया. मी म्हटलं, विकायची नाही. तो म्हणाला, मग किती दिवस ठेवायची? शेवटी आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. माझी आई पुण्याहून यायची होती, मला मदत करायला, आणि ऑक्टोबरच्या अखेरीस दिवाळीच्या आत परत जायची होती. ती जाण्याआधी मी कोणाचाही हात न धरता गाडीत बसून, पट्टा लावून, परत एकटी बाहेर आले, तर गाडी राहील. नाही आले तर जाहिरात. मला ही अट मान्य होती, कारण ती बरोबर होती. बरोबर असल्यामुळेच मला तिचा जास्त राग आला.

आई मे महिन्यात आली. वय शहात्तर, पुण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेली, आवाज अजून खणखणीत. बॅगेत तिने स्वतःची विळी आणली होती. इथल्या सुऱ्यांनी भाजी कापली जात नाही, चेचली जाते, असं तिचं मत. विमानतळावर लाकडाची वस्तू जाहीर करावी लागते, तशी तिने केली. तपासणीच्या बाईंनी विळीचा पाट उलटासुलटा करून कीड आहे का ते पाहिलं, मग हे नेमकं वापरतात कसं असं विचारलं. आईने साडी सावरली आणि तिथेच फरशीवर बसून, एक गुडघा उभा करून, पाटावर पाय दाबून दाखवलं. त्या बाई म्हणे वाकून बघत राहिल्या आणि शेवटी, इथे 'मस्तच' म्हणायला म्हणतात तसं म्हणाल्या, "स्वीट ॲज." आईने मला विचारलं, गोड काय होतं त्यात?

दुसऱ्या दिवशी मी कुबड्यांवर तिला गराजमध्ये घेऊन गेले. तिने गाडीवरचं कापड स्वतः बाजूला केलं आणि बराच वेळ पाहत राहिली.

"कोणाच्या नावावर आहे?"

"माझ्या."

"हं," ती म्हणाली, आणि हिंग कुठे ठेवलाय ते विचारत आत गेली.

जेवताना मात्र तिने जावयाची बाजू घेतली. "बरोबर बोलताय तुम्ही. पाय महत्त्वाचा. गाडीचं काय एवढं." मला ते लागलं, पण आश्चर्य वाटलं नाही. मी आठ-नऊ वर्षांची असताना आईची एक मोपेड होती, निळी. ती तिच्यावर एक्स्चेंजला जायची, येताना मला शाळेतून मागे बसवून आणायची. एकदा ती वाळूवरून घसरून पडली, मनगट मोडलं, आणि त्यानंतर तिने मोपेड पुन्हा चालवली नाही. घाबरली, म्हणून विकून टाकली. ही गोष्ट मी ऑफिसात अनेकदा सांगितली होती. माझी आई एका पडण्यात घाबरली आणि तिची मुलगी बघा, असं म्हणत मी भाव खायचे.

फिजिओथेरपी आठवड्यातून एकदा होती. फिजिओ बाई प्रेमळ होत्या, कोनमापक लावून मोजायच्या आणि "कीप गोइंग" म्हणायच्या. ब्याण्णव अंश. पुढच्या आठवड्यात ब्याण्णव. त्यांनी दिलेले व्यायाम मी इमानदारीने करायचे, पलंगावर पडून टाच मागे ओढायची, वीस वेळा, तीनदा. त्याचा कंटाळा इतका होता की मी मोजताना चोरायला लागले. आईने ते तीन दिवस पाहिलं.

चौथ्या दिवशी तिने स्वयंपाकघराच्या फरशीवर आठवड्याचं फुकट येणारं वर्तमानपत्र पसरलं, विळी मांडली, आणि तिच्यामागे एक विचित्र बैठक ठेवली. खुर्चीएवढी उंच, वर जुन्या चादरीचा शिवलेला अभ्रा.

"बस. फरसबी चिरायची आहे."

"आई, मला विळी कुठे येते? आणि हे काय आहे?"

"बसायला आहे. पायाने पाट दाबून धर. डाव्या."

मी हसले आणि बसले. इतक्या उंचावरून विळीवर चिरायचं म्हणजे पार ओणवं व्हावं लागत होतं, आणि डावा पाय मागे ओढून पाटावर ठेवल्याशिवाय विळी हलायची. पाव किलो फरसबीला मला पाऊण तास लागला. निम्मी वाकडी कापली गेली. गुडघा ठणकत होता, पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली की ह्या पाऊण तासात मी एकदाही आकडे मोजले नव्हते. मी फरसबीच मोजत होते.

दुसऱ्या दिवशी कोबी. मग गाजरं, मग भोपळा, तो तर शत्रूच. आई शेजारी ओट्याला टेकून उभी राहायची आणि बोलायची फक्त भाजीबद्दल. जाड झालं, बारीक कर, बोटं सांभाळ. गुडघ्याचं नावही काढायची नाही. मी चिडचिड केली की म्हणायची, "जेवायचंय ना चौघांना?" मुलगी शाळेतून आली की दारात उभी राहून बघायची. "आज्जी, शी कॅन यूज द फूड प्रोसेसर, यू नो," ती म्हणाली. आईने तिला मराठीत सांगितलं की त्याला पाय लागत नाही.

फिजिओ बाईंच्या कोनमापकावर मात्र आकडा हलायला लागला. शहाण्णव. शंभर. एकशे चार. मी त्यांना सांगितलं, घरी भाजी चिरते. त्या म्हणाल्या, "ग्रेट, हीप्स ऑफ सलाड." मी जास्त खोलात गेले नाही.

ऑगस्टमध्ये गाडं पुन्हा अडलं. इथला हिवाळा, थंडी होती, गुडघा सकाळी लाकूड होऊन बसायचा, आणि भाजी चिरताना पूर्वीपेक्षा जास्त दुखायला लागलं होतं. मला वाटलं, गुडघा मागे चाललाय. एका शनिवारी घरात कोणी नसताना मी गराजमध्ये गेले. वरचा पाइप धरला, डावा पाय आत टाकला. तेवढं जमलं. मग खाली जायला लागले आणि अर्ध्यात अशी कळ आली की मी आडव्या पाइपावर पोटावर पडले, पाय आत, डोकं बाहेर. तिथून सुटायला मला दहा मिनिटं लागली. बाहेर आले तेव्हा हुंदके देऊन रडत होते. दुखण्याने नाही, रागाने.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी पुसली आणि मोबाइलवर तिचे फोटो काढायला लागले. समोरून, बाजूने, इंजिनाचे. आई चहाचा कप घेऊन दारात उभी होती.

"फोटो कशाला?"

"जाहिरातीला. होणार नाही माझ्याच्याने. ऑक्टोबरची वाट कशाला बघायची."

तिने कप गराजच्या बाकावर ठेवला. मला वाटलं, आता म्हणेल बरं झालं.

"तू ऑफिसात माझ्या मोपेडची गोष्ट सांगतेस," ती म्हणाली. "मी घाबरले म्हणून. परवा तुझ्या त्या ऑफिसातल्या मैत्रिणीने मला सांगितलं, जेवायला आली होती ती. फार हसत होती."

मी खाली बघितलं.

"मी घाबरले नव्हते. हात प्लास्टरमध्ये होता, सहा आठवडे. प्लास्टर काढून घरी आले तर जिन्याखाली मोपेड नव्हती. तुझ्या बाबांनी विकली होती. माझ्या भल्यासाठीच. ते काही वाईट माणूस नव्हते, तुला माहीत आहे. पण गाडी त्यांच्या नावावर होती. मला विचारायची गरज पडली नाही."

"तू काहीच बोलली नाहीस?"

"काय बोलणार? सगळे म्हणत होते, बरं झालं. मीही म्हटलं, बरं झालं. मग बसने जायला लागले, बावीस वर्षं." ती गाडीकडे बघत होती. "तुझी तुझ्या नावावर आहे. विकायची तर तू विकशील. पण दुखतंय म्हणून विकू नकोस. आणि होत नाही म्हणून तर नकोच, कारण होतंय."

"कुठे होतंय? उलट जास्त दुखतंय."

आई आत गेली आणि ती बैठक दोन्ही हातांनी कवटाळून घेऊन आली. बाकावर ठेवून तिने अभ्र्याची नाडी सोडली. आत एकावर एक रचून सुतळीने बांधलेल्या फळ्या होत्या. करड्या, खाचांच्या, इंचभर जाड. त्या मी लगेच ओळखल्या. आमच्या जुन्या डेकच्या होत्या. मी पडल्यावर नवऱ्याने पायऱ्या नव्या बसवल्या होत्या, आणि आईने त्याच्याकडून जुन्या फळ्यांचे तुकडे कापून घेतले होते. तुळशीच्या कुंडीला बैठक करते असं सांगून.

"मोज," ती म्हणाली.

नऊ होत्या.

"पहिल्या दिवशी चौदा होत्या. दर दहा-बारा दिवसांनी एक काढते. परवाच एक काढली, म्हणून दुखतंय. दोन दिवसांनी दुखणार नाही."

मी इंजिनिअर आहे. मिलिमीटरच्या चुकीवरून दुसऱ्यांची ड्रॉइंग परत पाठवते. माझ्याच बुडाखालून पाच इंच गेले आणि मला पत्ता लागला नव्हता.

"थांबणार कुठे?" मी विचारलं.

तिने आडव्या पाइपावरून हात आत घातला, गाडीच्या तळावर करंगळी टेकवली आणि पंजा ताणून सीटच्या काठाला अंगठा लावला. "वीतभराला दोन बोटं कमी. म्हणजे तुझ्या सहा फळ्या. आल्याच्या दुसऱ्या दिवशी मोजलंय मी, तू दुपारची झोपली होतीस तेव्हा. विळीला बसतो आपण तेवढीच उंची आहे. त्यात घाबरण्यासारखं काय आहे?"

म्हणजे ती जावयाला हो म्हणत होती आणि फळ्या काढत होती. मी तिच्यावर इतके दिवस मनातल्या मनात रुसले होते, त्याची मला फार शरम वाटली. मी तसं म्हणालेही. ती म्हणाली, चहा गार होतोय.

त्या दिवसापासून अभ्रा राहिला नाही. फळ्या मी स्वतः काढायला लागले. आठ. दुखणं दोन दिवस, मग जरा कमी. सात. मी चंगच बांधला होता. ऑफिसातून आले की हात धुऊन थेट फरशीवर. आमच्या घरी त्या दोन महिन्यांत जेवढी चिरलेली भाजी खाल्ली गेली तेवढी आधीच्या सहा वर्षांत नसेल. नवरा एकदा ताटाकडे बघून म्हणाला की गाडी विकली काय, राहिली काय, त्याचं पोट मात्र साफ आहे. सप्टेंबरच्या शेवटी सहावर आले आणि मला वाटलं, झालं. आई म्हणाली, अजून दोन काढ.

"का? सीट सहाची आहे."

"बसायला सहा. उठायला जोर लागतो. चारवरून उठलीस तर सहावरून सहज उठशील."

आम्ही इंजिनिअर त्याला फॅक्टर ऑफ सेफ्टी म्हणतो आणि त्यासाठी चार वर्षं शिकतो. मी दोन काढल्या. चार फळ्यांवरून उठताना पहिले आठ दिवस मी ओट्याची कड धरायचे आणि आई माझ्या बोटांवर पळी मारायची. खरोखरच मारायची. एकावन्न वर्षांच्या बाईला.

परीक्षा तिच्या जाण्याआधीच्या रविवारी, सकाळी. मी गाडी ढकलून घरासमोरच्या उतारावर आणायला लावली. नवरा समोर उभा होता, मुलगी मोबाइल धरून, आई नव्या पायरीवर. मी स्कार्फ बांधला. गरज नव्हती, पण त्याशिवाय मला नीट हात चालवता येत नाहीत.

वरचा पाइप धरला. डावा पाय आत. गुडघा वाकायला लागला, काटकोन गेला, कळ आली आणि मी तिला येऊ दिलं. ओळखीची झाली होती ती. खाली, अजून खाली, आणि सीट लागली. उजवा पाय आला. पट्टा लावला. स्टिअरिंगवर हात ठेवले तेव्हा डोळे भरून आले, पण ते पुसायला वेळ नव्हता, कारण खरं काम पुढेच होतं.

पट्टा सोडला. दोन्ही हात दोन्ही पाइपांवर. डावा पाय मागे ओढला, पाटावर ठेवायचे तसा. उचलायला गेले आणि अर्ध्यावर अडकले. अंग थरथरायला लागलं. नवरा पुढे आला आणि त्याने हात पुढे केला. त्याच्या चेहऱ्यावर काळजीच होती, दुसरं काही नव्हतं.

"हात नको," पायरीवरून आईचा आवाज आला, एक्स्चेंजमधला. "मागे व्हा तुम्ही."

तो मागे झाला. मी परत खाली बसले. श्वास घेतला. भोपळा आठवला. टाच आणखी दोन बोटं मागे घेतली आणि उठले. एका दमात नाही, पण उठले. उजवा पाय बाहेर टाकला, डावा त्याच्यामागे ओढला आणि उतारावर उभी राहिले. कोणाचाही हात लागला नव्हता.

"अगेन," मुलगी म्हणाली. "इट डिडंट रेकॉर्ड." म्हणून मी ते पुन्हा केलं, आणि दुसऱ्या वेळी अडकले नाही.

नवरा आत गेला आणि गाडीची किल्ली घेऊन आला, जी एप्रिलपासून त्याच्या टेबलाच्या खणात होती. माझ्या हातात देताना म्हणाला, "दमानं." मी हो म्हटलं, आणि ते मनापासून म्हटलं.

मी वळले तर आई गाडीपाशी पोचली होती, डाव्या बाजूला. तिने निऱ्या वर खोचल्या, पाइप धरला, पाय आत टाकला आणि बसली. शहात्तराव्या वर्षी, एका हालचालीत, विळीला बसते तशी. पदर डोक्यावरून घेऊन कानामागे घट्ट अडकवला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "चल ना. दुपारी मला बॅग भरायची आहे."

आम्ही पेटोनीच्या किनाऱ्याकडे निघालो. वारा सुटला होता. इंजिनाच्या आवाजात बोलणं अशक्य, आणि ती बोलायचा प्रयत्नही करत नव्हती. दोन्ही हात गुडघ्यांवर, पाठ ताठ, नजर समोर. मोपेडवर ती अशीच ताठ बसायची. मी मागून फक्त तिची पाठ पाहिलेली होती.

सिग्नलला थांबलो. शेजारी एक यूट, मागे उघडा हौदा असलेली गाडी, उभी राहिली, हौद्यात कुत्रा. काच खाली झाली आणि एका दाढीवाल्या माणसाने मान बाहेर काढली. माझा चेहरा झाकलेला, म्हणून त्याने आईलाच विचारलं.

"लव्हली डे फॉर इट. इज इट योर्स?"

"माय डॉटर्स," आई म्हणाली. आवाज इतका खणखणीत होता की कुत्र्यानेही मान वळवली. सिग्नल हिरवा झाला, मागच्याने हॉर्न दिला, तरी तिचं संपलं नव्हतं. ती पूर्ण त्याच्याकडे वळली आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "इट इज इन हर नेम."